‘मन रमवा’ हे औषध कुठल्या दुकानात मिळतं?

डॉक्टरच्या चिठ्ठीवर गोळीचं नाव असतं, ती किती मिलिग्रॅमची ते असतं, सकाळी की रात्री, जेवणाआधी की नंतर, किती दिवस आणि पुन्हा कधी दाखवायला यायचं, हे सगळं असतं. समजा उद्या मी तुम्हाला लिहून दिलं, ‘रक्तदाबाची कुठलीतरी गोळी, जमेल तशी, अधूनमधून घेत चला’, तर तुम्ही माझ्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढणार नाही. चढूही नये. पण त्याच कागदाच्या तळाशी, उरल्यासुरल्या जागेत, ‘नियमित व्यायाम. ताण घेऊ नये. मन रमवणे.’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा ते कुणालाच खटकत नाही. ना लिहिणाऱ्याला, ना वाचणाऱ्याला.

मला खटकतं. कारण हा प्रकार दिसतो तितका निरुपद्रवी नाही.

नैराश्य, म्हणजे डिप्रेशन, हा आजार पहिला घाला घालतो तो उठून काही करण्याच्या शक्तीवर. अंघोळ हे डोंगराएवढं काम वाटू लागतं. फोन वाजला तर धडकी भरते. पूर्वी ज्यात मजा वाटायची त्यातली मजा निघून जाणं हे तर या आजाराच्या दोन मुख्य लक्षणांपैकी एक आहे. अशा माणसाला ‘एखादा छंद लावून घ्या, चार लोकांत मिसळा’ असं सांगणं म्हणजे पाय मोडलेल्याला ‘कुबड्या माळ्यावर आहेत, चढून काढून घ्या’ असं सांगण्यासारखं आहे. पंधरा दिवसांनी तो पुन्हा येतो. ‘काय हो, व्यायाम सुरू केला का?’ तो मान खाली घालतो. आधीच स्वतःला कुचकामी समजणाऱ्या माणसाच्या प्रगतिपुस्तकात आणखी एक लाल रेघ. ही रेघ आजाराने मारलेली नसते, डॉक्टरने मारलेली असते.

घरचेही यात मागे नसतात. ‘मनाला लावून घेऊ नकोस’, ‘सगळं तुझ्याच हातात आहे’, ‘जरा बाहेर पडत जा’. बाहेर म्हणजे कुठे, कुणाबरोबर, किती वाजता, याचं उत्तर कुणी देत नाही.

माझं भांडण व्यायामाशी किंवा खेळाशी नाही. उलट, शरीर हलवल्याने मन सुधारतं याचा पुरावा आता चांगला भक्कम आहे. १९९९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात पन्नाशीच्या पुढच्या १५६ नैराश्यग्रस्तांचे तीन गट केले. एका गटाला सर्ट्रालिन ही गोळी, दुसऱ्याला व्यायाम, तिसऱ्याला दोन्ही. सोळा आठवड्यांनी तिन्ही गट साधारण सारखेच सुधारलेले निघाले. गोळीचा गुण मात्र लवकर दिसू लागला. २००७ साली तिथल्याच मंडळींनी २०२ जणांवर पुन्हा पडताळा घेतला. या वेळी औषध नसलेल्या, नुसत्या दिसायला सारख्या गोळीचाही एक गट ठेवला. नैराश्य पूर्ण गेलेल्यांचं प्रमाण असं होतं: खऱ्या गोळीवर ४७ टक्के, देखरेखीखाली एकत्र व्यायाम करणाऱ्यांत ४५, घरी व्यायाम करणाऱ्यांत ४०, आणि खोट्या गोळीवर ३१. (खोट्या गोळीवरही ३१! मन ही चीज अशीच आहे.) २०२४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २१८ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला, १४ हजारांहून अधिक माणसांचा. चालणं-धावणं, योग आणि वजनं उचलण्याचे व्यायाम यांचा नैराश्यावर चांगला परिणाम होतो असं त्यात दिसलं. या अभ्यासांचा दर्जा सरसकट उत्तम नाही. व्यायाम करणाऱ्याला आपण व्यायाम करतोय हे कळतंच, त्यामुळे गोळीसारखी डोळ्यांवर पट्टी बांधून त्याची परीक्षा घेता येत नाही. तरीही एवढ्या पुराव्यावर आपण इतर कितीतरी उपचार बिनदिक्कत करतो.

पण ड्यूकच्या त्या व्यायामवाल्यांना कुणी ‘नियमित व्यायाम करा’ असं म्हणून सोडून दिलं नव्हतं. आठवड्यातून तीन वेळा, किती मिनिटं, नाडी किती वेगाने चालली पाहिजे, हे ठरवून दिलं होतं. घरी करणाऱ्यांनाही आखून दिलेला कार्यक्रम होता. व्यायामाने बरं वाटलं हे जितकं खरं, तितकंच तो व्यायाम कुणीतरी नीट लिहून दिला होता हेही खरं. आपण पुरावा त्यांचा सांगतो आणि चिठ्ठी आपल्या पद्धतीने लिहितो. हा हिशेब जुळत नाही.

‘परदेशात चालतं हो, आपल्याकडे कुणाला वेळ आहे?’ असं म्हणणाऱ्यांसाठी गोव्याचं उदाहरण देतो. तिथे ‘संगाथ’ या संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम ते तीव्र नैराश्याच्या ४९५ पेशंटांवर एक चाचणी केली. २०१७ साली ती ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. सहा ते आठ भेटींत ती पेशंटबरोबर बसून ठरवायची: या आठवड्यात कोणती एक गोष्ट करायची, कधी, कुणाबरोबर, आणि आड काय येतंय. पुढच्या भेटीत त्याची विचारपूस. तीन महिन्यांनी या गटातल्या ६४ टक्के लोकांचं नैराश्य उतरलं होतं. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के. यात मैदान नव्हतं, स्पर्धा नव्हती. सल्ला होता तोच, पण त्याला वार, वेळ आणि विचारणारं माणूस जोडलं होतं.

आता खेळाकडे येतो, कारण व्यायाम आणि खेळ यांत फरक आहे आणि तो डॉक्टरांनाही अनेकदा कळत नाही. २०१८ साली १२ लाख अमेरिकनांच्या माहितीवर एक मोठा अभ्यास झाला. व्यायाम करणाऱ्यांचे ‘मन बरं नव्हतं’ असे दिवस न करणाऱ्यांपेक्षा बरेच कमी होते, आणि सगळ्यांत वरचा नंबर लागला तो सांघिक खेळांचा. कोपनहेगनमध्ये २५ वर्षं पाठपुरावा केलेल्या साडेआठ हजार लोकांत टेनिस खेळणारे बैठ्या लोकांपेक्षा सरासरी ९.७ वर्षं जास्त जगले, बॅडमिंटनवाले ६.२, जॉगिंगवाले ३.२, आणि हेल्थ क्लबात जाणारे अवघी दीड वर्षं. आता लगेच रॅकेट घ्यायला धावू नका. टेनिस खेळणारा माणूस बहुतेक वेळा खाऊनपिऊन सुखी असतो, आणि सुखवस्तू माणसं तशीही जास्त जगतात. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण जिममध्ये घाम कमी गळतो असं तर नाही ना? मग समोर दुसरं माणूस असण्याला काही किंमत असावी, ही शंका रास्त आहे.

माझं मत विचाराल तर ती किंमत तीन गोष्टींत आहे. चेंडू अंगावर येत असताना गेल्या वर्षीचा अपमान उगाळत बसता येत नाही; मन तेवढा वेळ सक्तीने वर्तमानात येतं. खेळात माणूस पेशंट नसतो, कर्ज थकलेला नसतो, घटस्फोटित नसतो. तो नेटजवळचा गडी असतो, बस्स. आणि तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी: तो आला नाही तर खेळ अडतो. सहा जणांच्या व्हॉलीबॉलमध्ये पाचच आले की सहाव्याला फोन जातो. ‘कुठं आहेस रे? थांबलोय आम्ही.’ आपण जगात असलो काय, नसलो काय, कुणाला फरक पडतो, असं ज्याला दिवसरात्र वाटतंय त्याच्यासाठी हा फोन फार मोलाचा असतो. पावलं मोजणारं मनगटावरचं घड्याळ असा फोन करत नाही. ते फक्त रात्री दहा वाजता सांगतं की आजही तुम्ही कमी पडलात.

इंग्लंडमध्ये या सगळ्याला रीतसर चिठ्ठीचं रूप द्यायचा प्रयत्न चालू आहे. त्याला तिथे सोशल प्रिस्क्रायबिंग म्हणतात. मुळं जुनी आहेत. पूर्व लंडनच्या ब्रॉम्ली-बाय-बो भागात १९८४ साली एका पडायला झालेल्या चर्चमध्ये वस्तीतल्या लोकांनी कला, बागकाम, शिकवण्या असं काय काय सुरू केलं, आणि पुढे त्याला जोडूनच डॉक्टरांचा दवाखाना आला. डॉक्टर गोळीबरोबर बागेतही पाठवू लागले. २०१९ साली तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने जाहीर केलं की दोन वर्षांत हजारावर ‘लिंक वर्कर’ नेमू आणि २०२३-२४ पर्यंत किमान नऊ लाख लोकांना या मार्गाने पाठवू. लिंक वर्कर म्हणजे दुवा जोडणारा माणूस. डॉक्टर त्याच्याकडे पाठवतो. तो तुमच्याशी निवांत बोलतो, तुम्हाला काय आवडतं, काय झेपतं, भाडं थकलंय का, एकटे राहता का हे विचारतो, आणि मग चालण्याच्या गटाशी, फुटबॉलशी, गाण्याशी किंवा कर्जाचा सल्ला देणाऱ्याशी गाठ घालून देतो. पहिल्या दिवशी गरज पडली तर बरोबरही जातो.

२०१८ पासून तिथल्या फॅमिली डॉक्टरांच्या रॉयल कॉलेजने ‘पार्करन’शी हातमिळवणी केली. पार्करन म्हणजे दर शनिवारी सकाळी बागेत पाच किलोमीटर. चाला किंवा पळा, पैसे नाहीत. २००४ साली लंडनच्या बुशी पार्कमध्ये अवघ्या १३ पळणाऱ्यांनिशी हे सुरू झालं. यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे सगळ्यांच्या मागून चालायला एक स्वयंसेवक ठरलेला असतो. त्यामुळे नवखा कितीही हळू गेला तरी शेवटचा नंबर त्याचा कधीच लागत नाही. ज्याने हे ठरवलं त्याला माणसाच्या मनातली भीती पक्की ठाऊक असली पाहिजे.

तिथेही सगळं गोडगोड नाही. स्थानिक नगरपालिकांची अनुदानं आटली, क्लब आणि केंद्रं बंद पडली, आणि मग लिंक वर्करने माणसाला पाठवायचं तरी कुठे, असा प्रश्न तिथलेच डॉक्टर विचारतात. या योजनेचा नेमका फायदा किती हे दाखवणारे काटेकोर अभ्यासही अजून थोडेच आहेत. थोडक्यात, पूल बांधला पण पलीकडचं गावच उठलं तर पुलाचा उपयोग नाही. आपल्याकडची परिस्थिती नेमकी उलटी आहे, आणि जास्त चीड आणणारी. आपल्याकडे गाव होतं. ते आपण आपल्या हातांनी उठवतो आहोत.

कोल्हापूरच्या पेठापेठांतल्या तालमी आठवा. मातीत कुस्ती खेळणाऱ्या या तालमींचे पुढे फुटबॉलचे संघ झाले, आणि आजही पेठेचा सामना असला की सगळी पेठ मैदानावर असते. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. नागपुरात २००१ साली विजय बारसे या क्रीडाशिक्षकांनी पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतली पोरं पाहिली आणि त्यातून ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं. आणि लाफ्टर क्लब! १३ मार्च १९९५ रोजी मुंबईच्या एका बागेत पाच माणसांना घेऊन तो सुरू करणारे मदन कटारिया हे डॉक्टरच. आपण त्या हात वर करून हसणाऱ्या आजोबांची टर उडवतो. पण त्या आजोबांपैकी एखादा दोन दिवस दिसला नाही की बाकीचे त्याच्या दारात उभे असतात. माझ्या मते त्या क्लबचं निम्मं औषध हसण्यात नसून त्या दारात उभं राहण्यात आहे.

हे सगळं चालायला एक क्षुल्लक गोष्ट लागते. जागा. केंद्र सरकारची नगररचनेची मार्गदर्शक तत्त्वं माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असं सांगतात. मुंबईत ती सव्वा चौरस मीटरच्या आसपास आहे. दोन कॅरम बोर्ड शेजारीशेजारी मांडले की तुमच्या वाटणीची मोकळी जागा संपली. लहान शहरांत जागा आहे, पण तिला कुलूप आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण हवं असं स्पष्ट लिहिलंय, म्हणजे प्रत्येक वस्तीत शाळेचं मैदान असायला हवं. पण संध्याकाळी सहानंतर ज्यांच्यासाठी ते उघडायला पाहिजे त्यांना वॉचमन आत सोडत नाही. उरलेली मैदानं लग्नांना, प्रदर्शनांना, सभांना. नाहीतर हिरवी प्लास्टिकची टर्फ, तासाला भाडं मोजून. टर्फवर खेळणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही; पण ज्याची नोकरी गेल्यामुळे मन खचलंय, त्याला मी तासाच्या भाड्याने खेळायला पाठवू?

वर आपली एक पक्की समजूत आहे की खेळ हा एकतर लहान मुलांचा, नाहीतर जिंकणाऱ्यांचा. दहावीला पोराची बॅट माळ्यावर जाते. ज्याला ‘पुढे काही करायचंय’ तो अकादमीत, बाकीचे क्लासला. तिशीतला, पोट सुटलेला, कॅच सोडणारा माणूस वाईट खेळायला कुठे जाईल? वाईट खेळायची सोय असणं ही सार्वजनिक आरोग्याची गरज आहे, असं मी म्हटलं की लोक हसतात. मी गंमत करत नाही.

आणि बायका? इथे मात्र जरा थांबतो. माझ्याकडे चाळिशी-पन्नाशीच्या कितीतरी बायका अंग दुखतंय, झोप नाही, धडधडतं, चिडचिड होते म्हणून येतात. थायरॉइड, हिमोग्लोबिन, ईसीजी, सगळं तपासून होतं. सगळं बरोबर निघालं की घरचे म्हणतात, ‘काही नाही झालं तिला, मनाचं आहे.’ जणू मनाचं म्हणजे काही नाही! अशा वेळी मी एक प्रश्न विचारतो: शेवटचं खेळलात कधी? बहुतेकजणी आधी हसतात. मग सांगतात, शाळेत. एकीने मला खो-खोत खांबाजवळ हूल देऊन कसं निसटायचं ते खुर्चीत बसल्या बसल्या हातांनी करून दाखवलं. तिच्या नवऱ्याला वीस वर्षांच्या संसारात हे माहीतच नव्हतं.

तिला मी काय लिहून देऊ? ‘रोज अर्धा तास चालणे’? ती दिवसभर चालतेच आहे, स्वयंपाकघर ते बाल्कनी ते भाजीबाजार. तिला हवं आहे ते असं एक तास, जिथे ती कुणाची आई, सून, बायको नसेल आणि मोठ्याने ओरडलं तरी चालेल. आपल्या परंपरेने अशी एक जागा ठेवली होती: मंगळागौर. फुगडी, झिम्मा, पिंगा, लाट्या. ज्यांना हे खेळ सोपे वाटतात त्यांनी बस फुगडी दोन मिनिटं घालून पाहावी आणि मग माझ्याकडे नाडी मोजायला यावं. आता ठिकठिकाणी मंगळागौरीच्या खेळांचे बायकांचे गट झालेत, हॉल घेऊन सराव करतात, कार्यक्रम करतात. मला हे फार मोलाचं वाटतं. पण ते श्रावणापुरतं का? आणि मूळचा सोहळा सौभाग्याचा, त्यामुळे नवरा गेलेल्या, सोडलेल्या बाईला अजूनही काही ठिकाणी बोलावणं जात नाही. म्हणजे ज्या बाईला या तासाची सगळ्यांत जास्त गरज, तिलाच दार बंद. फुगडीला सौभाग्य लागत नाही, दोन हात लागतात.

आमच्या भागातल्या एका सोसायटीतल्या बायकांनी संध्याकाळी सात ते आठ थ्रोबॉल खेळायला आवारात जागा मागितली. कमिटीने लेखी उत्तर दिलं: आवाज होईल, काचा फुटतील, पार्किंगला अडचण होईल. त्याच आवारात नवरात्रात नऊ रात्री दांडिया असतो, भल्यामोठ्या स्पीकरसकट, आणि तेव्हा गाड्या शहाण्यासारख्या बाहेर रस्त्यावर लागतात. या बायकांपैकी तिघी माझ्या पेशंट आहेत. तिघींना झोपेची गोळी लागते. त्या गोळीला कमिटीची परवानगी लागत नाही.

आता उलट बाजूने येणाऱ्यांशीही दोन हात करायला हवेत. ‘बघा, डॉक्टरच म्हणतात, गोळ्या सोडा आणि खेळा!’ असं मी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर खेळायला लागलात म्हणून त्या मनाने बंद करू नका, आजार उलटतो. ज्याला जगणं नकोसं वाटतंय, जो दोन-तीन दिवस जेवला-झोपला नाही, ज्याला आवाज ऐकू येतात किंवा जो अचानक अति उत्साहाने पैसे उधळतोय, त्याला मैदानावर न्यायचं नाही, आधी डॉक्टरकडे न्यायचं. टेलि-मानस ही सरकारची फुकट सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र आहे. ती मराठीत बोलते, आणि फोन पेशंटनेच केला पाहिजे असं नाही, घरच्यांनी केला तरी चालतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर शंभर प्रौढांमागे दहा-अकरा जणांना उपचाराची गरज असलेला मानसिक आजार आढळला, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना होते. म्हणजे आपल्याकडे गोळ्या फार झाल्यात अशी ओरड करण्याजोगी स्थिती मुळीच नाही. गोळीही पोचत नाही आणि माणसंही पोचत नाहीत, असं आपलं दुहेरी दुर्दैव आहे.

खेळही विष होऊ शकतो, हेही मान्य करू. चुकलेल्याला सगळ्यांसमोर टाकून बोलणारा कॅप्टन, जाड मुलीच्या अंगावर विनोद करणारा कोच, हरलं की घरी न बोलणारा बाप, हे सगळे मन मोडणारेच. मी पेशंटला पाठवण्याआधी तिथला म्होरक्या कसा आहे याची चौकशी करतो. औषधाची एक्सपायरी बघतो तशी.

आणखी एक. हे दुवा जोडायचं काम आशाताईंच्या गळ्यात मारू नका. लसीकरण, बाळंतपण, क्षयरोग, सर्वेक्षण, सगळं त्यांच्याच डोक्यावर, आणि मोबदला किती ते सगळ्यांना ठाऊक आहे. दुवा जोडणारा माणूस हवा असेल तर त्यासाठी वेगळा माणूस नेमा आणि त्याला पगार द्या. तोवर दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट, निवृत्त क्रीडाशिक्षक, लायब्ररीवाले काका हे काम करू शकतात, पण तात्पुरतं.

तोवर माझ्या चिठ्ठीवर मी काय लिहितो ते सांगतो. ‘मंगळवार व शुक्रवार, संध्याकाळी ६, शाळेमागचं पटांगण, व्हॉलीबॉल. अमुक यांना भेटणे. पहिले दोन दिवस नुसतं बसून पाहणे. सोबत भावाने जाणे. पंधरा दिवसांनी दाखवणे.’ गुडघे, हृदय, इन्सुलिन यांचा विचार करून कुणाला व्हॉलीबॉल, कुणाला कॅरम, कुणाला नुसता चालण्याचा गट. भावाचं नाव मुद्दाम लिहितो, कारण आजारी माणसाला ‘जा’ म्हणून भागत नाही. ‘पावणेसहाला खाली येतो, बूट घालून ठेव’ असं म्हणणारं कुणी लागतं. तो नाही म्हणेल. मग शुक्रवारी पुन्हा विचारायचं, न रागावता. चिठ्ठीवर असं लिहायला मला दोन मिनिटं जास्त लागतात. ज्या डॉक्टरमित्रांना तेवढा वेळ नाही त्यांनी निदान ‘मन रमवणे’ लिहायचं थांबवावं. कागद तरी वाचेल.

मला कमी पडतात ते पत्ते. माझ्या यादीत आत्ता सात जागा आहेत, त्यातल्या दोनच अशा की जिथे बायका जाऊ शकतात, आणि संध्याकाळी नवानंतर कामावरून सुटणाऱ्यांसाठी एकही नाही. तेव्हा तुमच्या गल्लीत, गावात, कंपनीच्या आवारात असा कुठला गट असेल तर पुढच्या वेळी रिपोर्टबरोबर त्याचीही माहिती घेऊन या: वार, वेळ, जागा, वर्गणी, फोन कुणाला करायचा. आणि अजिबात खेळता न येणाऱ्या माणसाला ते आत घेतात का, हे आधी विचारून या.